कायमेरातली शेळी कुणालाच नको असते

शेळीला कोण घाबरतं? वाघ, साप, गेला बाजार पिसाळलेलं कुत्रं, हे ठीक आहे. पण शेळी? तरी ग्रीक पुराणातल्या एका भयंकर राक्षसिणीचं नावच मुळात शेळी आहे. कायमेरा. मूळ ग्रीक उच्चार खीमायरासारखा, आणि त्या शब्दाचा रोजच्या बोलण्यातला अर्थ साधा सरळ, शेळी.

ग्रीक कवी होमरने इलियड या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात तिचं वर्णन जेमतेम दोन ओळींत उरकलंय. पुढून सिंह, मागून साप, मधे शेळी, आणि धगधगत्या आगीचा श्वास सोडणारी. आता गंमत बघा, हे 'सोडणारी' ग्रीकमधेही स्त्रीलिंगीच आहे, आणि सिंह आणि साप हे दोन्ही शब्द पुल्लिंगी. म्हणजे व्याकरणाने बघितलं तर आग ओकणारी एकतर ती अख्खी राक्षसीण किंवा मग मधली शेळीच. इंग्रजीत हे कळत नाही कारण तिथे विशेषणांना लिंग नाही, मराठीत मात्र 'ओकणारा' आणि 'ओकणारी' यातला फरक शाळकरी पोराला पण कळतो. बऱ्याच जुन्या चित्रांत आणि मूर्तींमधे ती तशीच दिसते, सिंहाचं अंग, शेपटीच्या जागी साप आणि पाठीतून मधूनच उगवलेली शेळीची मान, जणू कुणीतरी चिकटवून ठेवलीय.

गोष्ट थोडक्यात अशी. बेलेरोफोन नावाच्या देखण्या तरुणावर राजा प्रोएटसच्या बायकोने खोटा आळ घेतला. घरी आलेल्या पाहुण्याला मारणं बरं दिसत नाही म्हणून राजाने त्याला सासऱ्याकडे लिकियाला धाडलं, हातात घडी घातलेली पाटी देऊन, आणि पाटीवर मजकूर असा की हा माणूस मारून टाका. (होमरमधे लिहिण्याचा उल्लेख येतो तो फक्त इथेच, त्यामुळे लिपीचा इतिहास शोधणारे लोक या ओळींवर तुटून पडतात.) लिकिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा नैऋत्य किनारा. तिथल्या राजाने त्याला कायमेरा मारायला पाठवलं, जाईल आणि मरेल या हिशोबाने, पण मेली ती. होमरमधे पंखवाला घोडा पेगासस नाहीये, तो हेसिअड या दुसऱ्या ग्रीक कवीकडे येतो. आणि भाल्याच्या टोकाला शिशाचा गोळा लावून तिच्या तोंडात खुपसला, तिच्याच आगीने शिसं वितळून घशात उतरलं, हा तपशील तर फारच नंतरचा. केमिस्ट्रीच्या दृष्टीने मात्र झकास, शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, तेवढी धग चुलीतही असते.

आता ही राक्षसीण म्हणजे नक्की काय, याचे अर्थ लावायचा धंदा आजकालचा नाही, तो निदान २३०० वर्षं चालू आहे. पालायफाटोस नावाचा एक ग्रीक गृहस्थ होऊन गेला, त्याचा छंदच होता की पुराणातली प्रत्येक अचाट गोष्ट घ्यायची आणि तिचं साधं कारण सांगायचं. तो म्हणतो असा प्राणी असूच शकत नाही, सिंह आणि शेळी एकच अन्न कसं खातील? (प्रश्न बरोबर आहे खरं तर.) त्याच्या मते कायमेरा हा डोंगर होता, पुढच्या वाटेवर सिंह, मागच्या वाटेवर साप आणि मधल्या भेगेतून आग. पेगासस म्हणजे बेलेरोफोनच्या जहाजाचं नाव. झालं, सुटलं कोडं! ग्रीक लेखक प्लुटार्कने दुसरीच तऱ्हा नोंदवलीय, खिमारोस नावाचा एक क्रूर समुद्री चाचा होता, त्याच्या जहाजाच्या पुढच्या टोकाला सिंह कोरलेला आणि मागच्या टोकाला साप.

लक्षात आलं का काय झालं ते? सिंह आहे, साप आहे, शेळी गायब. एकाने तिच्या जागी भेग बसवली, दुसऱ्याने तिला चाच्याचं नाव करून टाकलं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, त्यातला प्रकार. एकटा सर्व्हियस नावाचा रोमन टीकाकार जरा बरा, त्याच्या डोंगरावर माथ्याला सिंह, पायथ्याला साप आणि मधल्या कुरणात शेळ्या चरतायत, पण मग त्या शेळ्यांना घाबरायचं कशाला हे तो सांगत नाही.

प्लुटार्कच्या त्याच प्रकरणात अजून एक किस्सा आहे, विषय थोडा सोडून सांगतोच. काम करून मोबदला मिळाला नाही म्हणून चिडलेला बेलेरोफोन समुद्रात उतरून समुद्रदेव पोसायडनकडे त्या मुलखावर शाप मागतो, आणि किनाऱ्याकडे परत फिरतो तसं त्याच्यामागे समुद्राची लाटच उठून शेतांवर चाल करून येते. पुरुषांनी हातापाया पडून काही होत नाही, तेव्हा लिकियातल्या क्सांथस शहराच्या बायका आपली वस्त्रं वर उचलून त्याच्यासमोर चालत जातात, आणि हा कायमेरा मारणारा वीर लाजून मागे सरतो, लाट पण त्याच्याबरोबर मागे.

असो. सगळ्यात फेमस थिअरी आगीची, आणि ती आग खरोखर आहे. तुर्कस्तानात अंताल्या प्रांतात चिराली नावाचं किनाऱ्यावरचं गाव, तिथून डोंगरात चढून गेलं की यानारताश लागतं. तुर्की भाषेत अर्थ जळता दगड. उघडा राखाडी उतार, गवताचं पातं नाही, आणि खडकाच्या भेगांमधून फूट-दीड फुटाच्या ज्वाळा येतायत. लाकूड नाही, कोळसा नाही, दगडच पेटलाय असं वाटतं. खाली ग्रीकांच्या अग्निदेवाच्या, हेफायस्टोसच्या देवळाचे अवशेष. टूरिस्ट लोक तिथे किटली ठेवून चहा करतात. १८११ मधे ब्रिटिश नौदलाचा कॅप्टन ब्यूफोर्ट किनाऱ्याचा सर्व्हे करत होता, त्याने रात्री जहाजावरून हा उजेड बघून नोंद केली (हाच तो वाऱ्याच्या ब्यूफोर्ट स्केलवाला). आणि त्याच्या कितीतरी आधी रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की फासेलिसच्या मुलखात कायमेरा नावाचा डोंगर रात्रंदिवस जळतो, पाण्याने भडकतो आणि माती टाकली की विझतो. ही पाण्याची माहिती त्याने क्टेसियसची म्हणून दिलीय. क्टेसियस म्हणजे इराणच्या दरबारातला ग्रीक वैद्य, याच महाशयांनी भारतावर पण पुस्तक लिहिलं आणि त्यात माणसाच्या तोंडाचा, सिंहाच्या अंगाचा, विंचवाच्या शेपटीचा प्राणी आपल्याकडे फिरतो असं ठोकून दिलं. तेव्हा त्याचं म्हणणं जरा बेतानेच घ्यायचं.

पण पाण्याचा मुद्दा चुकून बरोबर निघाला, फक्त वेगळ्या अर्थाने. तिथला गॅस मुख्यतः मिथेन आहे, सुमारे ८७ टक्के, आणि त्यात साधारण ७ ते ११ टक्के हायड्रोजन. मिथेन म्हटलं की आपल्याला गोबरगॅस आठवतो नाहीतर तेलविहीर, म्हणजे कधीकाळी जिवंत असलेलं काहीतरी कुजून किंवा शिजून तयार झालेला गॅस. इथे तसाही थोडा आहे, पण बराचसा गॅस निव्वळ दगड आणि पाण्यातून बनलाय, जीवसृष्टीचा त्यात हात नाही. तो डोंगर म्हणजे जुन्या समुद्रतळाचा आणि त्याखालच्या मँटल नावाच्या खोल खडकाच्या थराचा वर ढकलला गेलेला तुकडा. त्यात ऑलिव्हिन नावाचं हिरवट खनिज भरपूर, त्यात लोह असतं. पाणी मुरत खाली गेलं की ऑलिव्हिनशी रिॲक्शन होते, लोह पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा सुटतो. हा हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडला भेटला की मिथेन. लॅबमधे हे करायला चांगली उष्णता लागते, पण इथे ते शंभर अंशांच्या आतच होत असावं असा अंदाज आहे, आणि त्याला मदत करणारा धातू म्हणून त्या खडकातल्या रुथेनियमकडे बोट दाखवलं जातं. मंगळावर मिथेनची चाहूल लागल्याच्या बातम्या येतात तेव्हा शास्त्रज्ञ लगेच 'जीव सापडला' असं का म्हणत नाहीत, त्याचं एक कारण हेच, दगड आणि पाणी एवढ्यावर सुद्धा मिथेन होतो.

आणि या सगळ्यात ऑलिव्हिनचं जे नवं खनिज तयार होतं त्याचं नाव सर्पेंटाइन, म्हणजे सापासारखं, हिरव्या चट्ट्यापट्ट्यांमुळे पडलेलं. साप सापडला, आग सापडली. शेळी?

मला वाटतं आगीची थिअरी अर्धीच पचते. एकतर होमर आणि हेसिअड इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपासचे, त्या जळत्या डोंगराशी कायमेराचं नाव जोडणारी साक्ष त्यानंतर तीनेकशे वर्षांनी येते. दुसरं म्हणजे जुन्या लोकांचंच जागेवर एकमत नाही, ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने कायमेराची घळ सांगितलीय ती क्रागसच्या डोंगराजवळ, पार पश्चिमेला, यानारताशपासून लांब. तेव्हा आग बघून राक्षसीण सुचली की राक्षसिणीची गोष्ट आधीच होती आणि आग दिसल्यावर लोक म्हणाले 'अरे हीच ती', हे सांगणं अवघड आहे. माझा कल दुसऱ्याकडे. आपल्याकडे पण गावोगावी 'भीमाने रांजण ठेवला तो हा' असे खड्डे असतात, भीम त्या खड्ड्यातून निघालेला नसतो.

शिवाय अशी जोडजनावरं अनातोलिया-सीरियाच्या पट्ट्यात आधीपासून होती. कार्केमिश या तिथल्या प्राचीन शहरातल्या एका कोरीव दगडावर पंखवाला सिंह आहे आणि त्याच्या मानेवरून माणसाचं डोकं निघालंय. आपल्या जंजिऱ्याच्या दरवाज्यावर पंजात हत्ती धरलेला शरभ ज्यांनी बघितलाय त्यांना या तर्काची सवय असेल, अशी शिल्पं ताकद दाखवायला असतात, तिथे झूलॉजी शोधायची नसते.

मग शेळी का? शब्दाकडे परत जाऊ. खीमायरा हा शब्द ग्रीक 'खेइमा' म्हणजे हिवाळा यावरून आलाय, एक हिवाळा बघितलेली कोवळी शेळी. आणि हा खेइमा आपल्या हिम, हेमंत, हिमालय यांचा सख्खा भाऊ, मूळ धातू एकच. मराठीतला हिवाळा पण त्यातलाच. म्हणजे आग ओकणाऱ्या बाईच्या नावात थंडी आहे!

या कोवळ्या शेळीचा ग्रीकांकडे एक ठरलेला उपयोग होता, तो म्हणजे लढाईआधी बळी. ग्रीक लेखक झेनोफोन लिहितो की स्पार्टाचे लोक शत्रू अगदी समोर आला की आर्टेमिस देवीला खीमायरा कापत. मॅरेथॉनच्या लढाईआधी अथेन्सवाल्यांनी नवस केला की जितके इराणी मारू तितक्या शेळ्या देऊ. मग मेले इतके की तेवढ्या शेळ्याच मिळेनात, शेवटी दरवर्षी ५०० देऊ असं ठरवून हप्ते बांधून घेतले, आणि झेनोफोनच्या काळी, म्हणजे नव्वदएक वर्षांनी, ते हप्ते अजून चालूच होते. म्हणजे ज्या काळात हा शब्द ऐकून लोकांच्या डोळ्यासमोर चरणारं गरीब जनावर येत असेल, त्याच काळात तो ऐकून रक्ताची धार पण येत असेल. यावरून राक्षसिणीचा जन्म सिद्ध होत नाही, हे मान्य. पण भेग आणि जहाजापेक्षा हा धागा मला जास्त खरा वाटतो, कारण यात निदान शेळी आहे.

फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात कायमेराची इट्रुस्कन (रोमनांच्या आधीचे इटलीतले लोक) ब्राँझची मूर्ती आहे, इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमाराची, उंची पाऊण मीटरच्या थोडी वर. १५५३ मधे आरेझ्झो गावात खणताना सापडली. शेपूट तुटलेलं, त्यामुळे आधी लोकांना हा सिंहच वाटला, मग चित्रकार वसारीने जुनी नाणी दाखवून ही कायमेरा आहे हे पटवलं. तिचा फोटो झूम करून बघा. फासळ्या दिसतायत, अंग आखडून मागे रेललेलं, सिंहाचा जबडा वर उघडलेला. पुढच्या उजव्या पायावर इट्रुस्कन अक्षरं, तिनिया देवाला अर्पण अशा अर्थाची. आणि जखम आहे ती शेळीच्या मानेवर, रक्ताचे थेंब ब्राँझमधेच ओतलेले, मान एका बाजूला कलंडतेय. मरताना पहिली ती मरतेय. आज दिसणारं सापाचं शेपूट अठराव्या शतकात जोडलेलं आहे आणि जोडणाऱ्याने ते असं वळवलं की साप शेळीचं शिंग चावतोय. मूळ साप बहुतेक समोरच्या शत्रूवर फुत्कारत असणार, पण दुरुस्तीवाल्याने तिला आपापसात भांडायला लावलं.

बायॉलॉजीत हा शब्द आणला हान्स विंकलरने, १९०७ मधे. त्याने टोमॅटोवर कामोणीचं कलम केलं, सांध्यावर काप घेतला आणि तिथून जो कोंब फुटला तो एका बाजूने कामोणी आणि दुसऱ्या बाजूने टोमॅटो. हापूसची कलमं बांधणाऱ्या कोकणातल्या माणसाला कलमात नवल वाटणार नाही, पण तिथे वर हापूस आणि खाली रायवळ अशी सरळ वाटणी असते, इथे एकाच कोंबात दोन झाडांच्या पेशी शेजारी शेजारी. संकर आणि कायमेरा यात गल्लत होते म्हणून सांगतो, खेचराच्या प्रत्येक पेशीत घोडा आणि गाढव दोन्ही मिसळलेले असतात, कायमेरात प्रत्येक पेशी एकाचीच पण अंग दोघांचं. १९८४ मधे केंब्रिजच्या लोकांनी शेळी आणि मेंढीचे भ्रूण एकत्र करून खरोखरचं जनावर जन्माला घातलं, अंगावर कुठे लोकर, कुठे केस, जिथली पेशी ज्याची तिथे तसं.

आणि आई झालेल्या बायकांचं तर काय सांगावं. १९९६ मधे एका अभ्यासात मुलगा होऊन २७ वर्षं झालेल्या बाईच्या रक्तात पुरुषी गुणसूत्राच्या पेशी सापडल्या, पोराच्या, नाळेतून आलेल्या, तिथेच राहिलेल्या.

या शब्दाचा मुंबईशी पण संबंध आहे. ब्लड कॅन्सरवरच्या कार-टी थेरपीतला 'का' म्हणजे कायमेरिक. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी मिळून बनवलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मधे मंजुरी मिळाली, देशात बनलेली अशी पहिलीच. पेशंटच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या आणि त्यांना एक जोडजनावरासारखं रिसेप्टर बसवायचं. पुढे अँटिबॉडीचा तुकडा, तो कॅन्सरची पेशी ओळखतो. मागे सिग्नल देणारा तुकडा, तो टी-पेशीला 'मार' म्हणून सांगतो. बातम्यांमधे या दोघांचंच कौतुक असतं. मधे पेशीच्या पडद्यात रुतलेला एक लहानसा दांडा असतो, पुढचं आणि मागचं त्याच्यावरच जोडलेलं असतं, आणि त्याचं नाव मी अजून एकाही बातमीत वाचलेलं नाही.