अंगणवाडी वेगळी, पाळणाघर वेगळं

"गावात अंगणवाडी आहे ना? मग आणखी पाळणाघर कशाला?" आमच्या ग्रामसभेत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हे विचारलं आणि निम्म्या सभेने माना डोलावल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. दोन्हीकडे लहान मुलं असतात, दोन्हीकडे एखादी बाई त्यांच्याकडे बघते, दोन्हींच्या फलकावर महिला व बालविकास खात्याचं नाव असू शकतं. लांबून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. पण या गोंधळातूनच पुढे आयांची आपसांत भांडणं लागतात. नोकरीवाल्या बाईसाठी सरकार सगळं करतं आणि घरातल्या बाईला कोण विचारत नाही, असं एकीला वाटतं. दुसरीला वाटतं, घरातल्या बाईला सगळं दारात मिळतं आणि आपल्या मुलाला कोण बघत नाही. म्हणून या दोन गोष्टी एकदा नीट समजून घेऊ या.

आधी अंगणवाडी. हा शब्द मुळात आपल्याच किनाऱ्यावरचा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडी उचलून मुलांच्या अंगणात नेली. मूल येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावं, एवढा साधा विचार त्यामागे होता. पुढे केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली, सुरुवातीला देशभरात ३३ प्रकल्पांपुरती, आणि तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं.

आजच्या अंगणवाडीची कामं ठरलेली आहेत: पूरक पोषण आहार, शाळेआधीचं शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणं, आणि आयांना आहार-आरोग्याची माहिती देणं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला आहार घरी न्यायला मिळतो, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथेच नाश्ता आणि गरम जेवण. यात 'दिवसभर मूल सांभाळणं' हे काम कुठेच नाही. आमच्याकडे सेविका सकाळी मुलांना गोळा करते, गाणी म्हणून घेते, वजनं करते, खिचडी किंवा उसळ वाढते आणि दुपारी मुलांना घरी सोडते. मूल घरी येतं तेव्हा दार उघडायला कुणीतरी असणार, हे अंगणवाडीने गृहीत धरलेलं आहे.

पाळणाघर याच्या बरोबर उलटं गृहीत धरतं. घरी कुणी नाही, म्हणून तर ते असतं. केंद्राची राष्ट्रीय पाळणाघर योजना २०१७ मध्ये आली. तिच्यात महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास पाळणाघर उघडं ठेवायचं असं ठरलं होतं. एका पाळणाघरात २५ मुलं, त्यांच्यासाठी एक सेविका आणि एक मदतनीस. फी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला महिन्याला २० रुपये, आई-वडिलांचं मिळून महिन्याचं उत्पन्न १२,००० रुपयांपर्यंत असेल तर १०० रुपये, त्यापुढे २००. खाणं, झोप, स्वच्छता, तपासणी हे सगळं आलं, पण मुख्य वस्तू कोणती म्हणाल तर ते साडेसात तास.

म्हणजे अंगणवाडीचा लाभ मुलाचा आहे. आई कलेक्टर असो की शेतमजूर, की दिवसभर घरात असो, २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला तो आहार हक्क म्हणून दिलेला आहे. आई काय काम करते, हा प्रश्न तिथे विचारायचाच नाही. पाळणाघराचा लाभ मुलालाही होतो, पण त्यातून सुटतात ते आईचे तास. पहिल्यात घास मोजतात, दुसऱ्यात वेळ. ही दोन मापं एकमेकांत मिसळली की न्याय-अन्यायाचा सगळा हिशेबच चुकतो.

आता घड्याळाचा मुद्दा जरा जवळून बघू या, कारण कोकणात खरी अडचण तिथेच आहे.

वेंगुर्ल्याच्या बाजूला एका छोट्या काजू कारखान्यात मी मागच्या वर्षी गेले होते. पंधरा-सोळा बायका. निम्म्या यंत्रावर, एका हाताने बी धरायची, पायाने दांडा दाबायचा, टरफल फुटतं, आतला गर सुईने बाहेर. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून हाताला आधी खोबरेल चोपडतात, तरी बोटांची टोकं काळी पडलेली असतात. बाकीच्या बायका सोलायला बसलेल्या. मजुरी किलोवर, म्हणजे उठलं की पैसे कमी. मागच्या बाजूला वाशाला साडीची झोळी बांधलेली, त्यात आठ-नऊ महिन्यांचं पोर झोपलेलं. तीन वर्षांची एक मुलगी टरफलांच्या ढिगापासून चार हातांवर खेळत होती आणि तिची आई दर दोन मिनिटांनी मान वळवून बघत होती. मी विचारलं, हिला अंगणवाडीत घातलं नाहीस? ती म्हणाली, "घातलंय गे. पण दुपारी ता घराक येता. मगे तेका कोण बघतला?" म्हणून ज्या दिवशी सासू घरी असते त्या दिवशी मुलगी अंगणवाडीत, आणि सासू काजूच्या बागेत गेली की मुलगी कारखान्यात. म्हणजे आई कामाला जाते म्हणून मुलीचं अंगणवाडीतलं जेवणसुद्धा हुकतं. हक्क कागदावर तिचाही तेवढाच आहे, घड्याळ मात्र तिच्या बाजूचं नाही.

मग कायद्यातलं पाळणाघर तिला मिळत नाही का? मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, आणि ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावं, असं ठरलं. आता त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे आणि तिच्यातही ही तरतूद आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण आमच्या काजू कारखान्यांत, सुक्या मासळीच्या खळ्यावर, कोकम-लोणच्याच्या घरगुती उद्योगांत पन्नास माणसं असतात कुठे? मी ज्या पतसंस्थेत काम करते तिथे आम्ही बाराजण. माझा मुलगा कुडाळात एका काकूंच्या घरी राहायचा, आणि त्यांची फी माझ्या पगाराचा मोठा लचका तोडायची.

त्या फीवरूनच आमच्या घरात एकदा विषय निघाला. गावात सरकारी पाळणाघर यावं म्हणून मी बोलत होते. थोरल्या जाऊबाई भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी उलटून त्या शांतपणे म्हणाल्या, "तुजो झील पाळणाघरात जातलो, तेका सरकार मदत करतला. माजा चेडू घराक रवता, तेचा काय? मी काय बसान असतंय?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण त्या बसून नसतातच. पहाटे गोठा, मग पाणी, दुपारी शिंपण्या, सासूबाईंची औषधं. मृग लागला की तरवा, म्हणजे भाताची रोपं, आणि लावणीच्या दिवसांत त्या चिखलात वाकलेल्या असतात आणि पोरगी बांधावर, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन. मार्च ते मे काजू वेचणं. किनाऱ्यावरच्या बायकांचं तर विचारूच नका: पहाटे लिलाव, मग टोपली घेऊन बाजार, उरलेली मासळी खारवून वाळत घालायची. कुटुंबाच्या यादीत या सगळ्यांच्या नावापुढे 'घरकाम' लिहिलेलं असतं. 'नोकरी करणारी' आणि 'घरी असणारी' अशी जी रेघ आपण मारतो, ती पगारपत्रक असलेली आणि नसलेली एवढीच आहे. आणि चाकरमानी नवरा मुंबईत, सासू थकलेली, अशा घरात तर घरी असणाऱ्या आईलाही पोर दोन तास कुणाकडे द्यायची सोय नसते.

म्हणून मला पुढचा बदल फार महत्त्वाचा वाटतो. जुन्या योजनेचं नाव होतं 'नोकरदार मातांच्या मुलांसाठी' पाळणाघर. २०२२ पासून मिशन शक्ती या केंद्राच्या महिलांसाठीच्या कार्यक्रमात ती 'पालना' या नावाने आली, आणि तिच्यात आई नोकरी करते की नाही ही अट उरलेली नाही, सोय सगळ्या आयांसाठी आहे. शिवाय 'अंगणवाडी-सह-पाळणाघर' असा नवा प्रकार आला: त्याच अंगणवाडीत, पण जास्त वेळ, आणि त्यासाठी पाळणाघराची वेगळी सेविका व मदतनीस. देशभरात अशी १७,००० केंद्रं उभी करायचं लक्ष्य ठेवलं गेलं, खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. आपल्या देशातल्या गावांच्या मानाने हा आकडा फार लहान आहे. पण दिशा बरोबर आहे. दुपारी खिचडी खाऊन मुलीला घरी पाठवायचं नाही, तिथेच चटईवर झोपवायचं. काजू कारखान्यातल्या त्या आईला नेमकं हेच हवं होतं. आणि ताराबाई-अनुताईंनीही पुढे कोसबाडला विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका आवारात आणलीच होती.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगते. पाळणाघराची वेगळी बाई नेमायची नाही आणि आहे त्याच सेविकेला संध्याकाळपर्यंत बसवायचं, असं कुठे होत असेल तर त्याला विरोध करा. अंगणवाडी सेविकेला आजही पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. ग्रॅच्युइटीचा हक्क तिला आहे हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल लागला. एका आईचे तास सुटावेत म्हणून दुसऱ्या बाईचे तास फुकट घ्यायचे, हे मला मान्य नाही.

पैशांच्या योजनांचाही यात गोंधळ होतो, ते थोडक्यात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. सरकारी नोकरीतल्या किंवा तशीच पगारी रजा मिळणाऱ्या बाईला ते मिळत नाहीत. म्हणजे एकीला २६ आठवड्यांचा पगार, दुसरीला ५,००० रुपये. घरातल्या आईवर अन्याय कुठे होत असेल तर तो इथे आहे, पाळणाघरात नाही. आणि लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये मूल सांभाळण्याचे नाहीत. ते वय आणि उत्पन्न बघून मिळतात, मूल असो वा नसो.

"पाळणाघरं कशाला, तेवढे पैसे प्रत्येक आईच्या हातात द्या, जिला जे करायचं ते करील," असंही काही जण म्हणतात. ऐकायला समान वाटतं. नॉर्वेने १९९८ मध्ये असंच काहीसं केलं: सरकारी मदतीच्या पाळणाघरात मूल न घालणाऱ्या पालकांना रोख रक्कम. पण तिथे पाळणाघर घ्या नाहीतर पैसे घ्या, असा खरा पर्याय समोर असतो. आमच्या वाडीत पाळणाघरच नाही. हातात पैसे आले तरी पाच किलोमीटरमध्ये मूल ठेवायला जागा नसेल तर त्या पैशांतून तास विकत घेता येत नाहीत. आधी जागा उभी राहू दे, मग रोख रकमेचं बोलू.

मला विचाराल तर वाटणी अशी असावी. आहार, लस, शिकणं हे प्रत्येक मुलाला सारखं, आईकडे न बघता. तास मात्र गरजेप्रमाणे. कारखान्यातल्या आईला रोज आठ लागतील, जाऊबाईंना लावणीच्या महिन्यात सहा आणि एरवी आठवड्यातून दोनदा तीन. आजारी सासूला ओरोसला जिल्हा रुग्णालयात न्यायचं असेल त्या दिवशी पूर्ण दिवस. पगाराची स्लिप कुणी मागू नये.

जाऊबाईंना मी त्या रात्री हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "अर्ज खय देवचो?" मी सांगितलं, ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे ठराव मांडायचा, मुलांची यादी जोडायची आणि प्रत तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायची. यादीत सहा महिने ते सहा वर्षांचं प्रत्येक मूल, आई कुठल्या वेळी कामात असते ते, आणि घरी दुसरं कोण आहे ते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरीची जुनी वही घेतली, पट्टीने रकाने आखले आणि वाडीत निघाल्या. तिसऱ्या घरी विचारणा झाली, "आई काय करते?" हा रकाना कुठाय? जाऊबाईंनी तो आखलाच नव्हता. त्यांच्या रकान्याचं नाव होतं 'किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत'.