भिंतीवरचे प्रत्येक चित्र फ्रेस्को नसते

लिओनार्दो दा विंचीच्या 'लास्ट सपर' या येशूच्या अखेरच्या भोजनाच्या चित्राला मराठी लेखांत 'जगप्रसिद्ध फ्रेस्को' म्हणण्याचा प्रघात पडला आहे आणि तोच शब्द एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत राहतो. ते भित्तिचित्र आहे, फ्रेस्को म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगवलेले चित्र नव्हे. भित्तिचित्र म्हणजे काय, हे अजिंठा पाहिलेल्या वाचकाला सांगायला नको. पण अजिंठ्याच्या चित्रांनाही सर्रास फ्रेस्को म्हटले जाते, तेही तितकेच चूक आहे. तिथे माती, तूस आणि गवताच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर सरसात कालवलेले रंग लावलेले आहेत.

गिलावा ओला की कोरडा, या एका गोष्टीवर सगळे ठरते. फ्रेस्कोत चुना-वाळूचा गिलावा ओला असतानाच त्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावतात. गिलावा सुकताना चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो आणि रंगाचे कण त्या स्फटिकांत कायमचे अडकतात. डिंक, सरस, तेल असे काहीही लागत नाही. मात्र सकाळी जेवढा गिलावा चढवला, तेवढा भाग त्याच दिवशी रंगवून संपवावा लागतो आणि मोठी चूक झाली, तर तो तुकडा खरवडून नव्याने लिंपावा लागतो. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलचे छत असेच तुकड्यातुकड्याने रंगवले.

लिओनार्दोला ही घाई मानवणारी नव्हती. साधारण १४९५ ते १४९८ या काळात मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठाच्या भोजनगृहात तो काम करत असतानाचे वर्णन मात्तेओ बांदेल्लो या इटालियन लेखकाने लिहून ठेवले आहे. कधी तो पहाटेपासून अंधार पडेपर्यंत कुंचला खाली ठेवत नसे, कधी दिवसचे दिवस रंगाला हात न लावता चित्रासमोर तासन्‌तास नुसता उभा राही, तर कधी भर दुपारी येऊन एकदोन फटकारे मारून निघून जाई. ओला गिलावा कोणासाठीही असा थांबत नाही. म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर पांढऱ्या शिशाचे अस्तर दिले आणि लाकडी फळीवर रंगवावे तसे, अंडे व तेल मिसळलेल्या रंगांचे थरावर थर चढवले. छायेतून प्रकाशात हळुवार सरकणारे ते रंग त्यामुळेच साधले. पण रंग भिंतीत न मुरता वरच राहिला आणि ओलाव्याने सुटू लागला.

चित्र पाचशे वर्षांचे झाले म्हणून खराब झाले, हे नेहमीचे स्पष्टीकरण मला मुळीच मान्य नाही. ते बिघडू लागल्याची नोंद १५१७ मध्ये, लिओनार्दो हयात असतानाच झाली होती. शिवाय त्याच भोजनगृहात, समोरच्या भिंतीवर, जोव्हान्नी दोनातो दा मोंतोरफानोने १४९५ मध्ये येशूला क्रुसावर चढवल्याचे चित्र काढले. ते खरे फ्रेस्को आहे. इमारत तीच, वय जवळपास तेच, १९४३ च्या बॉम्बवर्षावात छत कोसळले तेही दोघांवरचे. तरी त्याचे रंग पुष्कळच टिकून आहेत. त्याच भिंतीवर खालच्या कोपऱ्यांत गुडघे टेकलेल्या स्फोर्झा या मिलानच्या राज्यकर्त्या घराण्यातल्या कुटुंबीयांच्या आकृती नंतर कोरड्या गिलाव्यावर घातल्या गेल्या, आणि त्या लिओनार्दोच्या हातच्या मानल्या जातात. भोवतीचे फ्रेस्को शाबूत असताना त्या जवळजवळ पुसून गेल्या आहेत.