अमेरिकी विमान कारखान्यांतील युद्धकालीन रंगीत छायाचित्रे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सरकारने विमान कारखाने, नौदलाचे हवाई तळ आणि तिथे राबणारी माणसे यांची काढवून घेतलेली रंगीत छायाचित्रे. त्यांतली बहुतेक ‘ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन’ या प्रचारखात्यासाठी १९४२-४३ मध्ये टिपली गेली. ग्रामीण अमेरिकेतील दारिद्र्याच्या चित्रणामुळे गाजलेला रॉय स्ट्रायकर यांचा छायाचित्र विभागही १९४२ मध्ये याच खात्यात आला. आल्फ्रेड पामर आणि हॉवर्ड हॉलेम हे या प्रकारातले प्रमुख छायाचित्रकार.

ही छायाचित्रे सहज टिपलेली नाहीत. कोडाक्रोम या रंगीत फिल्मला फार प्रकाश लागे आणि चार बाय पाच इंचांचा मोठा कॅमेरा तिकाटीवर ठेवावा लागे. त्यातच कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा डग्लस कारखाना हवाई हल्ल्याच्या भीतीने बिनखिडक्यांचा बांधलेला. त्यामुळे पामर दिवे मांडत, कामगारांना जागा नेमून देत आणि मग चित्र घेत. बी-१७ बॉम्बरच्या शेपटीकडच्या पोकळ भागात बसून सुटे भाग जोडणाऱ्या स्त्रियांचे त्यांचे छायाचित्र पाहावे: धातूच्या गोल कड्या एकामागे एक नजरेला आत ओढत नेतात आणि उजेड नेमका हातांवर पडतो. केस नीट बांधलेले, ओठ रंगवलेले. स्त्रियांनी कारखान्यात यावे हा सरकारी हेतू त्यात उघड आहे. तरीही हात खऱ्या कामगारांचे आहेत, आणि याच कारखान्यातून युद्ध संपेपर्यंत ३००० बी-१७ विमाने बाहेर पडली.

चित्रओळींत मात्र एक मोठी उणीव राहिली. विमानाचा प्रकार, कंपनी आणि गाव यांची नोंद बहुधा असते. माणसाचे नाव अनेकदा नसते. हॉलेम यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये टेक्सासच्या कॉर्पस क्रिस्टी नौदल तळावर काढलेली चित्रे या बाबतीत अधिक मोलाची: तिथे अनेकींची नावे आहेत, काहींची आधीची नोकरीही नोंदलेली आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला विमानाच्या बारकाव्यांइतकीच ही माहिती हवी असते.

टेनेसीतल्या नॅशव्हिल येथे फेब्रुवारी १९४३ मध्ये पामर यांनी टिपलेली, हातातल्या ड्रिलने विमानाच्या भागाला भोके पाडणारी कृष्णवर्णीय स्त्रीही चित्रओळीत निनावीच आहे. युद्धसामग्रीच्या उद्योगांत वंशभेदाला मनाई करणारा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा आदेश जून १९४१चा. ती या यंत्रापाशी दिसते त्यामागे तो आदेश आणि त्यासाठी झालेला लढा आहे. ती ज्या विमानावर काम करते आहे ते व्हल्टी व्हेंजन्स, म्हणजे जवळजवळ सरळ खाली सूर मारून बॉम्ब टाकणारे दोन आसनी विमान. अमेरिकेने ते स्वतः लढाईत जवळपास वापरलेच नाही. ते लढले मुख्यतः ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, आणि तिथे ब्रिटिश तुकड्यांबरोबर भारतीय हवाई दलाच्या सातव्या व आठव्या स्क्वाड्रनकडेही ते होते.

या संग्रहातल्या सुमारे १६०० रंगीत पारदर्शिका, म्हणजे पारदर्शक फिल्मवरची चित्रे (ग्रामजीवनाच्या चित्रांसह), वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. सरकारी नोकरीत काढलेली असल्याने त्यांच्यावर स्वामित्वहक्काचे बंधन नाही आणि त्यांच्या मोठ्या आकाराच्या प्रती इंटरनेटवर विनामूल्य मिळतात.