रस्त्यापलीकडचे क्लाऊड

नवी मुंबईतील रबाळे एमआयडीसीत माझ्या मावसभावाचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा छोटा कारखाना आहे. गेल्या जुलैमध्ये जिन्याखालच्या खोलीत पावसाचे पाणी शिरले आणि तेथे जमिनीवरच ठेवलेला त्याचा एकुलता एक सर्व्हर, म्हणजे बिले आणि हिशेब सांभाळणारा संगणक, बंद पडला. माल टेम्पोत भरून तयार होता, पण बिल निघत नव्हते, आणि बिलाशिवाय ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्यावर नेताना लागणारा जीएसटीचा कागद, नाही. त्यामुळे टेम्पो दोन दिवस फाटकाशी उभा राहिला. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्याने विचारले, "दादा, जो तो म्हणतो क्लाऊडवर टाक. पण मग आपले सगळे हिशेब अमेरिकेत जाणार ना?"

मी त्याला फाटकापाशी नेले आणि रस्त्यापलीकडची इमारत दाखवली. राखाडी भिंती, खिडकी एकही नाही, गच्चीवर शीतकरण यंत्रांची रांग आणि बाजूला डिझेल जनरेटरांची एकसारखी धुराडी. तो ती इमारत रोज पाहत होता आणि शीतगृह समजत होता. ते डेटा सेंटर आहे, म्हणजे सर्व्हर ठेवण्यासाठीच बांधलेली इमारत. अशा इमारतींतले सर्व्हर इंटरनेटवरून भाड्याने वापरणे म्हणजेच क्लाऊड. त्यात नेमके कोणाचे सर्व्हर आहेत हे बाहेरून कळत नाही, पण मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, अमेझॉनने जून २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये आपापल्या क्लाऊडचा मुंबई विभाग सुरू केला, तेव्हापासून येथील ग्राहकाला आपली माहिती मुंबईच्या परिसरातच ठेवण्याची निवड करता येते. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अशा इमारती उभ्या राहण्याची कारणे साधी आहेत: समुद्राखालून येणाऱ्या अनेक आंतरराष्ट्रीय केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, वीज मोठ्या दाबाने मिळते आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगत एमआयडीसीचे भूखंड आहेत. ज्या रस्त्याची ओळख एके काळी रासायनिक कारखान्यांची होती, त्याच रस्त्याकडेला आज देशाच्या माहितीचा मोठा साठा आहे.

अंतराला येथे खरोखरच महत्त्व आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हर्जिनिया राज्य येथून सुमारे १३ हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकली तरी प्रश्न जाऊन उत्तर परत येण्यास १३० मिलिसेकंद लागणारच, आणि केबल सरळ रेषेत कधीच नसते. हाच प्रवास रबाळ्यातल्या रबाळ्यात काही मिलिसेकंदांत आटोपतो. एका बिलासाठी संगणक सर्व्हरला पन्नास वेळा काहीबाही विचारत असेल, तर हा फरक खुर्चीत बसलेल्या माणसाला स्पष्ट जाणवतो.

तेव्हा क्लाऊडचा आकाशाशी किंवा उपग्रहाशी संबंध नाही. पूर्वी अभियंते नेटवर्कच्या आकृत्या काढताना, ज्या भागाच्या तपशिलाची आपल्याला गरज नाही तो भाग ढगाच्या आकाराने दाखवत, त्यावरून हे नाव पडले. कल्पना त्याहूनही जुनी आहे: टेलिफोनप्रमाणे गणनशक्तीही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून मिळेल, असे जॉन मॅकार्थी या संगणकशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील भाषणात म्हटले होते. अमेझॉनने २००६ मध्ये आधी साठवण आणि मग सर्व्हर भाड्याने देण्यास सुरुवात केली, तेव्हा ती कल्पना कोणालाही परवडेल अशा रूपात बाजारात आली.

भाड्याने घेणे स्वस्त का पडते, याचे उत्तर मात्र बहुतेक जण चुकीचे देतात. मोठ्या कंपनीला घाऊक दरात यंत्रे मिळतात हे खरे आहे. पण मुख्य कारण गणितात आहे. समजा, शंभर उद्योग आहेत. प्रत्येकाला एरवी १ एकक गणनशक्ती पुरते, पण दहा तासांतून एक तास कामाची गर्दी होते आणि तेव्हा १० एकके लागतात. प्रत्येकाने स्वतःचा सर्व्हर घेतला तर गर्दीचा विचार करून १० एककांचाच घ्यावा लागतो. शंभरांचे मिळून १,००० एकके. आता हेच शंभर जण एका सामाईक साठ्यातून घेऊ लागले, आणि त्यांच्या गर्दीच्या वेळा एकमेकींशी निगडित नसल्या, तर एका वेळी सरासरी दहा जणांकडेच गर्दी असते आणि एकूण गरज १९० एककांच्या आसपास फिरते. ३०० एकके ठेवली तर वर्षातल्या ८,७६० तासांपैकी सरासरी एखाद्याच तासाला ती कमी पडतात. हजाराचे काम तीनशेत भागते, आणि उरलेल्या सातशेंची किंमत, वीज आणि थंडावा वाचतो.

यातील "निगडित नसल्या" ही अट फार महत्त्वाची आहे. जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची २० तारीख सर्वांची एकच असते, दहावीचा निकाल सर्व जण एकाच दुपारी पाहतात. अशा वेळी शंभरांची गर्दी एकाच वेळी येते आणि वरचे गणित कोसळते. म्हणून क्लाऊड पुरवठादाराला ग्राहकांची विविधता हवी असते: दिवसा काम करणारे कार्यालय, रात्री अहवाल काढणारी बँक, संध्याकाळी चालणारी शिकवणी.

पण गणित कितीही पटले तरी खरा प्रश्न उरतोच. एकमेकांना न ओळखणारे, कदाचित एकमेकांचे स्पर्धक असलेले शंभर ग्राहक एकाच यंत्रावर कसे नांदतात? प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र मिळाल्यासारखे कसे वाटते, आणि एकाला दुसऱ्याचा कागद कसा दिसत नाही? या प्रश्नाचे उत्तर मला संगणकशास्त्रातील सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते, म्हणून त्यासाठी थोडी सवड मागतो.

प्रत्येक संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम (उदाहरणार्थ विंडोज) ही यंत्राची मालकीण असते. प्रोसेसर दोन पातळ्यांवर काम करतो: विशेषाधिकाराची पातळी आणि साधी पातळी. स्मृतीचा कोणता भाग कोणाचा, डिस्कवर काय लिहायचे, बाहेरून येणारे व्यत्यय (कळफलक, नेटवर्क यांचे "इकडे लक्ष दे" असे इशारे) केव्हा ऐकायचे, या सूचना केवळ विशेषाधिकाराच्या पातळीवरूनच देता येतात. आपला हिशेबाचा प्रोग्रॅम साध्या पातळीवर असतो. त्याने अशी सूचना दिलीच तर प्रोसेसर तेथल्या तेथे थांबतो आणि ताबा मालकिणीकडे देतो. या थांबण्याला आपण सापळा म्हणू.

आता एकाच यंत्रात अनेक ऑपरेटिंग सिस्टिम्स ठेवायच्या आहेत आणि प्रत्येकीला आपणच मालकीण आहोत असे वाटत राहिले पाहिजे. युक्ती अशी की त्या सर्वांनाच गुपचूप साध्या पातळीवर उतरवायचे आणि वरच्या पातळीवर हायपरव्हायझर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा. ऐरोलीतल्या एखाद्या सोसायटीची कल्पना करा. प्रत्येक घरात एक व्हॉल्व्ह आहे आणि त्यावर "संपूर्ण इमारतीचा मुख्य व्हॉल्व्ह" असे लिहिले आहे. कोणी तो फिरवला की पाणी थेट बंद होत नाही. खाली पंपघरात घंटा वाजते, तेथला माणूस कोणत्या घराचा व्हॉल्व्ह फिरला हे पाहतो आणि फक्त त्याच घराचे पाणी बंद करतो. घरमालकाच्या दृष्टीने त्याने संपूर्ण इमारतीचे पाणी बंद केलेले असते. ती घंटा म्हणजे सापळा आणि पंपघरातील माणूस म्हणजे हायपरव्हायझर. साध्या बेरीज-वजाबाकीला घंटा वाजतच नाही, ती प्रोसेसरवर पूर्ण वेगाने चालते, म्हणूनच हा प्रकार व्यवहारात परवडतो.

आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० या नावाने हे बाजारात आणले. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी त्यामागची अट नेमक्या शब्दांत मांडली, आणि ती शाळेतल्या संचांच्या भाषेत सांगता येते. यंत्राची स्थिती बदलणाऱ्या किंवा उघड करणाऱ्या सूचनांचा संच हा सापळा लावणाऱ्या सूचनांच्या संचाचा उपसंच असला, तर त्या यंत्राची आभासी यंत्रे, म्हणजे एकाच खऱ्या यंत्रात स्वतंत्र भासणारी अनेक यंत्रे, करता येतात.

आपल्या टेबलावरचे संगणक ज्या एक्स८६ जातीच्या प्रोसेसरवर चालतात, तो या अटीत बसत नव्हता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेंटियम प्रोसेसरमधील, यंत्राच्या स्थितीशी संबंध असूनही सापळा न लावणाऱ्या १७ सूचना दाखवून दिल्या गेल्या. त्यांतील पॉपएफ ही सूचना पाहण्यासारखी आहे. ती प्रोसेसरच्या स्थितिदर्शक खुणा बदलते, आणि त्यांतील एक खूण "आता व्यत्यय ऐकू नकोस" असे सांगणारी असते. साध्या पातळीवरून ही सूचना दिली तर प्रोसेसर सापळा लावत नाही. तो ती खूण जशीच्या तशी ठेवतो आणि काहीच झाले नाही असे पुढे जातो. म्हणजे घरमालकाने व्हॉल्व्ह फिरवला, पंपघरात घंटा वाजली नाही, पाणी चालूच राहिले, आणि मालक मात्र पाणी बंद आहे असे समजून नळ उघडून बसला. आभासी यंत्र येथे भलत्याच ठिकाणी कोलमडते.

यावर तीन उपाय निघाले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने ऑपरेटिंग सिस्टिमच्या सूचना चालवण्याआधीच वाचून, धोक्याच्या सूचनांच्या जागी सुरक्षित सूचना घालण्याची पद्धत वापरली. केंब्रिज विद्यापीठातील झेन प्रकल्पाने २००३ मध्ये ऑपरेटिंग सिस्टिममध्येच बदल केला आणि तिला थेट हायपरव्हायझरला विचारण्यास शिकवले. शेवटी इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच ही सोय दिली. स्मृतीचा पत्ता (माहिती स्मृतीत नेमकी कोठे आहे तो क्रमांक) शोधण्याचा गुंता तरीही उरला, कारण आभासी यंत्राला जो पत्ता खरा वाटतो तोही पुन्हा भाषांतरित करावा लागतो. एरवी चार टप्प्यांत सापडणारा पत्ता या दुहेरी भाषांतरात वाईटात वाईट स्थितीत २४ टप्पे घेतो. त्यासाठीही प्रोसेसरमध्ये तक्ते आले, आणि एकदा शोधलेले पत्ते जवळच लक्षात ठेवून बहुतेक टप्पे वाचवले जातात.

यंत्र आभासी झाले की ते हलवताही येते. चालू यंत्राची स्मृती दुसऱ्या सर्व्हरवर उतरवायची. उतरवत असताना स्मृतीची जी पाने, म्हणजे तिचे लहान तुकडे, बदलली ती पुन्हा उतरवायची. बदललेल्या पानांची संख्या अगदी थोडी उरली की क्षणभर थांबवून शेवटची पाने न्यायची आणि तिकडे पुढे सुरू करायचे. २००५ मध्ये झेनवर हा प्रयोग झाला तेव्हा अनेक जण खेळत असलेल्या एका व्हिडिओ गेमचा सर्व्हर चालू खेळात एका यंत्रातून दुसऱ्यात नेला गेला, आणि तो थांबला केवळ ६० मिलिसेकंद. आज गूगलसारखे पुरवठादार जुने यंत्र दुरुस्तीला काढायचे असते तेव्हा त्यावरील ग्राहकांना असेच शेजारी हलवतात.

डेव्हलपरला, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला, मिळणारे फायदे यातूनच येतात. पूर्वी नव्या सर्व्हरसाठी कोटेशन, मंजुरी, खरेदी आणि जोडणी यांत काही आठवडे जात. आता पडद्यावरचे एक बटण दाबले की मिनिटभरात "चालू" अशी हिरवी खूण दिसते, कारण रबाळ्यात कोणी नवे यंत्र जोडत नाही, असलेल्या यंत्रातला एक भाग वेगळा होतो. दहा सर्व्हर घेऊन तासभर चाचणी करायची आणि ते टाकून द्यायचे, हे आज एखादा विद्यार्थीही करू शकतो. अमेझॉनने २०१७ मध्ये सेकंदावर भाडे आकारण्यास सुरुवात केली, त्यामुळे चुकलेल्या प्रयोगाची किंमत फार थोडी राहिली. नव्या उद्योगाला याहून मोठी मदत कोणती असणार?

मात्र "क्लाऊड कधीच बंद पडत नाही" असे सांगून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेझॉनच्या व्हर्जिनियातील साठवण सेवेत एका कर्मचाऱ्याने आज्ञा टंकताना चूक केली आणि असंख्य संकेतस्थळे काही तास अडकली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर आगीत जळाले आणि ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती त्यांची माहिती गेली. याच संदर्भात आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. दसऱ्याला यंत्रांची पूजा करण्यामागील कृतज्ञता मला समजते आणि आवडते. परंतु सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधून बॅकअपचा खर्च टाळणारे कारखानदार मी पाहिले आहेत, आणि ती श्रद्धा त्यांच्या कामगारांच्या पगारपत्रकांच्या मुळावर येते. लिंबाने डिस्क वाचत नाही, दुसऱ्या जागी ठेवलेल्या प्रतीने वाचते.

वर्षभर एकसारखा भार असेल तर स्वतःचे यंत्र अनेकदा स्वस्त पडते, हेही स्पष्ट सांगायला हवे. म्हणून मावसभावाची खोकी कापणाऱ्या यंत्राशी जोडलेला संगणक आम्ही कारखान्यातच ठेवला. तो दिवसभर एकाच गतीने चालतो आणि इंटरनेट गेले म्हणून कटाई थांबणे त्याला परवडणारे नाही. बिले, साठा आणि हिशेब मुंबई विभागातील एका लहान आभासी सर्व्हरवर गेले, आणि महिनाअखेरीस तो तीन-चार दिवस मोठा करून पुन्हा लहान करता येतो.

प्रत कोठे ठेवायची यावर आमची बरीच चर्चा झाली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघे या ४०० केव्ही वाहिन्यांवर बिघाड होऊन मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच सकाळी गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. अशा दिवशी डेटा सेंटरचे जनरेटर चालतात, पण मूळ आणि प्रत दोन्ही एकाच खाडीच्या काठी, एकाच वीजजाळ्यावर आणि एकाच पावसाखाली ठेवण्यात अर्थ नव्हता. म्हणून प्रत हैदराबाद विभागात ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मावसभावाचा मुनीम त्या प्रतीवरून एक नवा आभासी सर्व्हर उभा करतो, मागील महिन्याच्या बिलांची संख्या आणि बेरीज कारखान्यातल्या वहीशी ताडून पाहतो, वहीत सही करतो आणि सर्व्हर काढून टाकतो. गेल्या शनिवारी या सगळ्याला चाळीस मिनिटे लागली, आणि भाडे चाळीस मिनिटांचेच आले.