ट्रेल कॅमेरा : इन्फ्रारेड की फ्लॅश (हरणांच्या पाहणीसाठी)

जनावरांच्या वाटेवर, पाणवठ्याशी किंवा शेताच्या बांधावर झाडाला पट्ट्याने बांधून ठेवायचा आणि समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. अमेरिकेतले शिकारी याला ट्रेल कॅमेरा म्हणतात, आपल्याकडे वनखातं आणि अभ्यासक कॅमेरा ट्रॅप म्हणतात, वस्तू एकच. रात्रीच्या फोटोला उजेड कशाचा यावरून दोन प्रकार पडतात, डोळ्याला न दिसणाऱ्या (किंवा जेमतेम दिसणाऱ्या) इन्फ्रारेड दिव्यांचा आणि पांढऱ्या फ्लॅशचा.

नावाचा घोळ : इन्फ्रारेड हा शब्द इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींना लावतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. पहिली गोष्ट सेन्सर, तो स्वतः काहीच सोडत नाही, जनावराच्या अंगाची साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीची उष्णता आणि मागच्या झाडाझुडपांची उष्णता यातला फरक सरकला की कॅमेऱ्याला जागं करतो. हा सेन्सर फ्लॅशवाल्या कॅमेऱ्यातही असतोच. दुसरी गोष्ट म्हणजे जुनी अदृश्य किरणाची रेघ, वाटेच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला डोळा, मध्ये जनावर आलं की रेघ तुटते. तिसरी म्हणजे रात्रीचे दिवे, ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे एलईडी. दुकानात इन्फ्रारेड कॅमेरा म्हणून देतात तो या तिसऱ्या अर्थाने. पण १९९० च्या दशकातल्या अभ्यासांत इन्फ्रारेड कॅमेरा लिहिलेलं असलं तर ते बहुतेक पहिल्या दोन अर्थांनी, आत साधा ३५ मिमी रोलचा कॅमेरा आणि त्याला फ्लॅश. १९९७ साली अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची नरांच्या शिंगांवरून गणना करण्याची जी पद्धत प्रसिद्ध झाली तीसुद्धा अशाच कॅमेऱ्यांवर बेतलेली. म्हणून जुना निष्कर्ष उचलून आजच्या एलईडी कॅमेऱ्याला चिकटवू नये.

उगम : पहिला कोण यावर एकमत नाही. एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पळत्या घोड्याचे फोटो काढले तेव्हा घोड्याच्या पायाने दोरे ओढले जाऊन एकेक कॅमेरा उघडत गेला, म्हणून काही जण उगम तिथपर्यंत नेतात, पण तो घोडा माणसाने पळवलेला आणि तेही भर दिवसा, त्यामुळे तत्त्व तेच इतकंच म्हणता येईल. बहुतेक संदर्भांत मान मिळतो तो पेनसिल्व्हेनियाच्या जॉर्ज शायरस तिसरा या वकिलाला, पुढे तो अमेरिकन काँग्रेसचा सदस्यही झाला. मिशिगनमधल्या व्हाइटफिश तलावावर रात्री होडीच्या टोकाला दिवा लावून जायचं, काठावरचं हरीण उजेडाकडे टक लावून थबकतं, तेवढ्यात नेम साधायचा, ही तिथल्या ओजिब्वे लोकांची शिकारीची जुनी रीत. शायरसने बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला आणि नंतर काठावर दोरी ताणून हरणालाच आपला फोटो काढायला लावलं. सुरुवात कधीची? कोणी १८८९ सांगतं, कोणी १८९० च्या दशकाचा आरंभ. दुसरं मत जास्त पटतं, कारण कॅमेरा हाती घेणं आणि दोरीची युक्ती जमणं यात काही वर्षं गेली असावीत. जुलै १९०६ च्या नॅशनल जिओग्राफिक मासिकात त्याचे ७४ फोटो छापून आले. पूर्व आफ्रिकेत रात्रीचे फोटो काढणाऱ्या कार्ल गेओर्ग शिलिंग्स या जर्मनाचं नावही याच सुमाराचं. भारतात १९२० च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने तेव्हाच्या संयुक्त प्रांतात तारेच्या सापळ्याने वाघांचे फोटो काढले.

या रात्रीच्या फोटोंचा उजेड म्हणजे मॅग्नेशियमची भुकटी. पोटॅशियम क्लोरेट मिसळलेली झटक्यात पेटणारी भुकटी जर्मनीत १८८७ मध्ये निघाली, ती नसती तर शायरसची हरणं अंधारातच राहिली असती. म्हणजे हरणांच्या रात्रीच्या फोटोंचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास फ्लॅशचाच आहे आणि एलईडी दिवे डिजिटल कॅमेऱ्याबरोबर, ढोबळमानाने २००० नंतर, पसरले.

हरणाला काय दिसतं : हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी दोनच प्रकारच्या, एक निळ्याजवळच्या आणि दुसरी साधारण ५४० नॅनोमीटरच्या, हिरव्याजवळच्या प्रकाशाला जागणारी. तांबडा रंग वेगळा ओळखणारी तिसरी, जी आपल्याला असते, ती त्याला नाही. त्यामुळे ८५० चा दिवा आपल्याला निखाऱ्याच्या टोकासारखा लालसर दिसतो पण हरणाला तो दिसायलाच नको, ९४० चा तर आपल्यालाही दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र थेट कॅमेऱ्यात बघणारी हरणं फोटोत सारखी सापडतात. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी बरेच कॅमेरे तपासून दाखवलं की ते माणसाला ऐकू न येणारे आवाज करतात आणि त्यांचा उजेडही काही प्राण्यांच्या टप्प्यात येतो. म्हणून हरणाला अजिबात न कळणारा कॅमेरा ही जाहिरात जपूनच घ्यावी, त्यात माणसाचा वास पट्ट्याला लागलेला असतोच.

पांढरा फ्लॅश मात्र त्याला दिसतो यात वाद नाही. रात्री त्याची बाहुली पूर्ण उघडी असते आणि डोळ्यामागे चमकणारा पडदा असतो, त्याला तो लखलखाट किती मोठा वाटत असेल याचा विचार लावणाऱ्याने जरूर करावा. काही जनावरं पुढे ती वाट टाळतात, काही दुसऱ्या रात्री त्याच जागी येतात, सरसकट काही सांगता येत नाही.

फोटोतला फरक : झेनॉन फ्लॅशचा झोत सेकंदाच्या अगदी बारीक भागापुरता असतो, त्यामुळे उडी मारणारं जनावर जागच्या जागी गोठतं आणि रंगही येतो. तोटा हा की पुढच्या फोटोआधी फ्लॅश भरायला वेळ लागतो, मागून येणारं पाडस सुटतं. पांढऱ्या एलईडीचे कॅमेरे झेनॉन फ्लॅश आणि इन्फ्रारेड यांच्या मध्ये कुठेतरी. इन्फ्रारेडचे फोटो काळे-पांढरे, शटर जास्त वेळ उघडं, म्हणून चालत्या चितळाचे पाय धुरकट, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे गोळे, आणि जनावर फार जवळ आलं तर पाठ पांढरीफटक होऊन ठिपके पुसले जातात. ९४० मध्ये पल्ला आणखी कमी आणि फोटो दाणेदार, कारण कॅमेऱ्याचा सेन्सर तिथे मंद होतो.

वाघांच्या गणनेत फ्लॅश का चालतो याचं उत्तर यातच आहे, पट्टे स्पष्ट हवेत आणि दोन्ही कुशींचे हवेत. भारताच्या २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते, ३,४८,५८,६२३ फोटो आले, त्यात वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७, म्हणजे बाकीचा प्रचंड ढीग इतर प्राण्यांचाच. पण सांबराला ना पट्टे ना ठिपके, नर ओळखायचा तो शिंगांच्या फाट्यांवरून, आणि त्याला काळा-पांढरा फोटो पुरतो. चितळाचे ठिपके एकेकाचे वेगळे असतात हे खरं, पण चितळ बरंचसं सकाळ-संध्याकाळच्या उजेडात फिरतं, तिथे दोन्ही प्रकारचे कॅमेरे सारखेच. म्हणून हरणांपुरतं ८५० चा इन्फ्रारेड घेणं बरं, आणि जिथे कॅमेरा चोरीला जायची भीती आहे तिथे ९४० चा. आपल्याकडे ही भीती खरी आहे, रात्री लखलखलेला फ्लॅश पाऊण मैलावरच्या माणसालाही पत्ता सांगतो.

माळव्यात : इंदूरच्या आसपास, राळामंडळ, चोरल, महूचे डोंगर या भागात मोठी अडचण दिव्याची नसून सेन्सरची आहे. मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, हरणाच्या अंगाचं तापमान ३८-३९ अंशांच्या आसपास, मग मागच्या तापलेल्या काळ्या दगडात आणि जनावरात सेन्सरला फरकच कळत नाही आणि दुपारी पाण्यावर आलेला कळप बिनफोटोचा निघून जातो. मध्य भारतात चितळाच्या नरांची शिंगं टणक होऊन ते मादीमागे लागतात तो हंगामही बराचसा उन्हाळ्यातलाच, त्यामुळे नर मोजायचे तर नेमका अवघड काळ वाट्याला येतो. पण शब-ए-माळवा (माळव्याची रात्र) उगाच म्हणत नाहीत, पठारावर मध्यरात्रीनंतर हवा चांगलीच उतरते आणि सांबर, भेकर बाहेर पडतात तेव्हा सेन्सर नीट चालतो. काळ्या खडकाकडे तोंड करून मात्र लावू नये, तो रात्री उशिरापर्यंत धग सोडतो. चोरलच्या बाजूला ओळखीच्यांच्या शेतावर हरभरा कोण खातंय ते बघायला आम्ही कॅमेरा बांधला होता, कार्ड काढून घरी कॉम्प्युटरला लावलं तर फोटोमागून फोटो नुसतं हलणारं गवत, आणि एकदाचं पहाटे साडेतीनला रोजडा, म्हणजे नीलगाय, तोंडात घाटे घेऊन उभा. गवत कापून कॅमेरा वाटेला थोडा तिरका, गुडघा ते कंबर यांच्यामध्ये, उत्तरेकडे तोंड करून बांधला तेव्हा सुधारलं. (नीलगाय, काळवीट, चौशिंगा यांना आपण बोलताना हरीणच म्हणतो, पण ती कुरंग गटातली, त्यांची शिंगं गळत नाहीत, त्यामुळे शिंगांवरून नर ओळखायचा हिशोब त्यांना तसाच लागू पडत नाही.)

पावसाळ्यात काचेवर बाष्प धरतं आणि खोक्यात मुंग्या घर करतात, पट्ट्याखालची बाजू दर खेपेला उघडून बघावी.

कायदा : भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे शिकारीआधी हरणांचा माग काढणं हा अमेरिकेतला मूळ उपयोग इथे लागू नाही. तिकडेही ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी हे कॅमेरे वापरायला मनाई केली. राळामंडळ एकेकाळी होळकरांचं शिकारीचं रान, १९८९ पासून अभयारण्य, तिथे अभ्यासासाठी किंवा फोटोसाठी कॅमेरा लावायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी घ्यावी लागते.