बँकेची नोटीस आली तर घर वाचवण्यासाठी कुठे, कधी आणि कोणत्या कागदांसह अर्ज करायचा: सातारा-सांगलीतील कर्जदारांसाठी

घरकर्जाचा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की बँक ते खातं एनपीए, म्हणजे थकीत (अनुत्पादक) कर्ज ठरवते. त्यानंतर सरफेसी कायदा, २००२ (न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणारा कायदा) च्या कलम १३(२) खालची नोटीस येते आणि ६० दिवसांत संपूर्ण थकबाकी भरा असं त्यात लिहिलेलं असतं. आपल्याकडे अनेक घरांत हे रजिस्टर पत्र घ्यायचंच टाळतात. सही केली नाही म्हणजे नोटीस लागली नाही, असा समज असतो. तो खोटा आहे. पत्र टाळलं तर बँक नोटीस दारावर चिकटवून दोन वर्तमानपत्रांत छापू शकते, आणि दिवस मोजायचे थांबत नाहीत. तेव्हा पत्र घ्या, पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का जपा. पुढची प्रत्येक मुदत तारखांवरच ठरते.

माझं ठाम मत असं की घर वाचतं ते या पहिल्या ६० दिवसांत आणि ते लेखी कागदावर वाचतं. शाखेत जाऊन साहेबांना हात जोडल्याची नोंद कुठेच राहत नाही.

आधी बघा, हा कायदा तुमच्या घराला लागू आहे का

सरकारी, खाजगी आणि सहकारी बँका, तसंच अधिसूचित गृहवित्त कंपन्या हा कायदा वापरू शकतात. सहकारी बँकांबद्दल बरीच वर्षं वाद होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी पांडुरंग गणपती चौगुले विरुद्ध विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक या खटल्यात तो मिटवला, आणि सहकारी बँकांनाही सरफेसी लागू झाला.

पतसंस्था मात्र बँक नव्हे. तिचा रस्ता सहकार कायद्याच्या कलम १०१ चा आहे. ती निबंधकांकडून वसुली दाखला घेते आणि मग नियम १०७ प्रमाणे जप्ती-लिलाव होतो. अशा प्रकरणात निबंधक कार्यालयाची सुनावणीची तारीख अजिबात चुकवू नका. दाखला एकदा निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण (फेरतपासणी) अर्ज करायला वसुलीच्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात.

सरफेसी कायद्याच्या कलम ३१ मध्ये काही सवलती आहेत. मुद्दल आणि व्याज मिळून जेवढी रक्कम होते, तिच्या २० टक्क्यांपेक्षा कमी बाकी उरली असेल तर हा कायदा चालत नाही. एक लाखापर्यंतच्या कर्जासाठी दिलेल्या तारणालाही चालत नाही. आणि शेतजमिनीवर चालत नाही, हे तासगाव, पलूस, वाई, कोरेगाव भागासाठी महत्त्वाचं. इथे एक काळजी घ्या. सातबाऱ्यावर ‘शेती’ लिहिलंय एवढ्यावर भागत नाही. जमीन खरोखर कसली जाते हे दाखवण्याची जबाबदारी कर्जदारावर येते. म्हणून मागच्या काही वर्षांच्या पीक पाहणीच्या नोंदी असलेले सातबारा उतारे, पाणीपट्टीच्या पावत्या, द्राक्षाच्या किंवा उसाच्या बिलांच्या प्रती एकत्र करा. बिगरशेती आदेश झालेल्या प्लॉटला ही सवलत नाही.

पहिला अर्ज: बँकेकडे हरकत

कलम १३(३-अ) प्रमाणे कर्जदाराने लेखी हरकत दिली तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. या अर्जाला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मजकूर साधा असावा:

“आपली दि. … ची नोटीस मला दि. … रोजी मिळाली. नोटिशीतील रकमेचा हिशेब मला मान्य नाही, कारण दि. … रोजी भरलेली रक्कम रु. … खात्यात धरलेली दिसत नाही. संपूर्ण खातेउतारा, व्याज व दंडाची आकारणी, आणि तारणाची केंद्रीय नोंदणी झाल्याचा पुरावा द्यावा. मी दरमहा रु. … भरण्यास तयार आहे. थकबाकीच्या पुनर्रचनेचा अथवा एकरकमी तडजोडीचा विचार करून लेखी उत्तर द्यावे.”

सोबत नोटिशीची प्रत, मंजुरीपत्र, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या किंवा पासबुक आणि उत्पन्न का थांबलं याचा कागद जोडा. आजारपण असेल तर दवाखान्याची बिलं, नोकरी गेली असेल तर कंपनीचं पत्र. अर्ज नोटिशीवर सही असलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा. शाखेत दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

केंद्रीय नोंदणीचा मुद्दा किरकोळ नाही. सेरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत नोंदणी नसेल तर बँकेला या कायद्याखाली ताबाच घेता येत नाही. सेरसाईच्या वेबसाइटवर थोडी फी भरून ही नोंद आपल्यालाही पाहता येते.

नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. पण संमती मागता येते. घर ठेवणं शक्यच नसेल तर स्वतः गिऱ्हाईक आणून बँकेच्या संमतीने विकणं बहुधा लिलावापेक्षा बरं पडतं. लिलाव झालाच आणि कर्ज-खर्च फिटून पैसे उरले, तर ते कर्जदाराचे असतात. ते लेखी मागून घ्या.

दुसरा अर्ज: पुण्याचं कर्जवसुली न्यायाधिकरण

६० दिवस संपले की बँक कलम १३(४) खाली ताबा नोटीस लावते. सुरुवातीला हा ताबा बहुधा कागदोपत्री असतो. कुटुंब घरातच राहतं, दारावर कागद लागतो, पेपरात जाहिरात येते. लोक म्हणतात, “अजून बाहेर काढलं नाही ना, मग बघू.” नेमके इथेच दिवस वाया जातात. या कारवाईपासून ४५ दिवसांत कलम १७ खाली अर्ज करायचा असतो आणि कागदोपत्री ताब्यावरही तो करता येतो. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांसाठी न्यायाधिकरण पुण्याला आहे. दिवाणी न्यायालयात दावा लावून उपयोग होत नाही, कलम ३४ ने तो मार्ग बंद केला आहे.

थकबाकी १० लाखांच्या आत असेल तर फी दर लाखाला ५०० रुपये. थकबाकी त्याहून जास्त असेल तर ५,००० रुपये आणि १० लाखांपुढच्या प्रत्येक लाखाला २५० रुपये. अर्ज दाखल करायला थकबाकीचा काही हिस्सा आधी भरण्याची अट नाही. स्थगिती मागताना मात्र न्यायाधिकरण बरेचदा काही रक्कम भरायला सांगतं, तेवढी तयारी ठेवा. कागद असे लागतात: दोन्ही नोटिसा, तुमची हरकत आणि बँकेचं उत्तर, पोस्टाच्या पावत्या, खातेउतारा, गहाणखत, खरेदीखत आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीची पावती, ओळखपत्र.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे बँकेचं नऊ मुद्द्यांचं प्रतिज्ञापत्र तपासलं जातं, कर्जाच्या हिशेबावर वाद चालत नाही. आदेश झाला की महसूल कर्मचारी पोलिस बंदोबस्तात येतात. दारात उभं राहून त्यांना अडवणं धोक्याचं आहे. स्थगितीचा आदेश हातात असेल तर मात्र त्याची प्रत दाखवा, एक प्रत आधीच तहसील कार्यालयात देऊन ठेवा.

भाडेकरूलाही कलम १७ खाली दाद मागता येते. भाडेकरार १३(२) च्या नोटिशीच्या आधीचा, मुदतीतला आणि गहाणाच्या अटींविरुद्ध नसलेला हवा. नोंदणीकृत करार असेल तर बाजू भक्कम होते.

विक्रीच्या आधी ३० दिवसांची नोटीस लागते. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी सगळी थकबाकी आणि खर्च भरला तर घर सुटतं, नंतर तो हक्क उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच कायम केलं.

बँकेच्या ताब्यातली रिकामी घरं

कुलूप लावलेली घरं वर्षानुवर्षं पडून राहतात आणि त्याच गावात माणसं भाड्याच्या खोल्यांत दिवस काढतात, हे मला पटत नाही. बँकेने स्वतःच्या नावावर घेतलेली मालमत्ता स्वतःच्या वापरासाठी नसेल तर बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ९ प्रमाणे ७ वर्षांपेक्षा जास्त धरून ठेवता येत नाही. रिझर्व्ह बँक फार तर आणखी ५ वर्षं देऊ शकते. शिवाय लिलावाऐवजी खाजगी कराराने विक्रीचीही तरतूद नियमांत आहे. सांगली महापालिकेने आणि सातारा नगरपालिकेने अशी घरं पूररेषेतल्या भाडेकरू कुटुंबांसाठी घ्यावीत, अशी मागणी वॉर्डातल्या लोकांनी लेखी करायला हवी.

तोपर्यंत साध्या कुटुंबाला मार्ग लिलावाचाच. सरकारी बँकांच्या मालमत्ता ‘बँकनेट’ पोर्टलवर दिसतात. बोली लागली की २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायची. त्यात आधी भरलेली अनामत धरली जाते. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, म्हणून कर्जाची मंजुरी आधीच घेऊन ठेवा. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असेल आणि देशात कुठेही पक्कं घर नसेल, तर प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्ये व्याज अनुदानासाठी अर्ज करता येतो. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत हवं. अनुदान जास्तीत जास्त १.८० लाख.

बोली लावण्याआधी घर प्रत्यक्ष बघा. घरपट्टी, वीज, सोसायटीची थकबाकी किती ते विचारा, कारण विक्री ‘जसं आहे तसं’ या अटीवर होते. बँकेकडे ताबा कागदोपत्री आहे की प्रत्यक्ष, आणि जुन्या मालकाचा अर्ज पुण्याला प्रलंबित आहे का, हे प्राधिकृत अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. आत अजून कुटुंब राहत असेल तर त्या घरावर अनामत भरू नका.