मुलांची राष्ट्रीय ज्युनिअर गोल्फ स्पर्धा: सोलापूरकरांचा अर्ज अडतो कुठे?

"आमचं पोरगं धडधाकट आहे हो, हँडिकॅपचा दाखला कुठनं आणू?" नवी पेठेतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात एका वडिलांनी विचारलं. मी हसलो नाही. पहिला फॉर्म भरताना मलाही सिव्हिल हॉस्पिटलच आठवलं होतं.

इंडियन गोल्फ युनियनची ही स्पर्धा १८ वर्षांखालच्या हौशी, म्हणजे पैशासाठी न खेळणाऱ्या मुलांची, वयाप्रमाणे अ, ब असे गट. फोटो, फी, पालकांची संमती हे अर्ध्या तासाचं काम. अर्ज परत येतो तो तीन-चार ठरलेल्या जागी.

पहिली जागा हँडिकॅपच. हा मुलाच्या खेळाचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला, आणि ५४ च्या वर जात नाही. तो क्लबमार्फत मिळतो आणि सुरुवातीला ५४ होल्सची (होल म्हणजे मैदानावरच्या एका खळग्यापर्यंतचा खेळ) स्कोअरकार्डं द्यावी लागतात. म्हणजे १८ होल्सच्या तीन फेऱ्या किंवा नऊ-नऊच्या सहा, प्रत्येक कार्डावर सोबत खेळणाऱ्याची सही. कोच म्हणतो "पोरगं भारी खेळतं", ते इथं चालत नाही. सोलापूरकराला त्यासाठी पुणं गाठावं लागतं, म्हणजे हुतात्मा एक्सप्रेसच्या बऱ्याच फेऱ्या. स्पर्धेचं परिपत्रक आल्यावर धावाधाव केली तर जमत नाही.

दुसरी जागा जन्मदाखला. त्याच वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीतून दाखला काढला. शिक्का होता, सही होती, आईवडिलांची नावं होती, आणि बाळाच्या नावापुढं नुसती रेघ. बारशाआधी नोंद झाली आणि नाव घालायचं राहून गेलं. शेजारी मुलगा उभा होता, उजवा पंजा रापलेला, डावा ग्लोव्हमुळं गोरा. खेळ हातावर दिसत होता, कागदावर मात्र पोराला नावच नव्हतं.

नाव नंतर घालता येतं, पण मूळ नियमात नोंदणीपासून १५ वर्षांची मर्यादा आहे. मोठ्या गटातल्या पोरांना ती नेमकी आडवी येते. मुलगा लहान असेल तर आजच दाखला उघडून बघा.

अर्ज करायचा तो जन्म जिथं झाला तिथल्या कार्यालयात. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर विजयपूरचं नाहीतर कलबुर्गीचं. मग सोलापूरच्या खिडकीवर कितीही वेळ उभं राहा, "इथं नोंद नाही" एवढंच ऐकू येणार. हे पहिल्या दिवशीच सांगायला काय जातं, देव जाणे.

त्यातच एक जून. शाळेत घालताना गुरुजींनी सोयीनं टाकलेली ही तारीख बोनाफाईडवर असते, जन्मदाखल्यावर दुसरी. दोन तारखा दिसल्या की अर्ज बाजूला पडतो. आधारवर भरवसा ठेवू नका: आधार हा ओळखीचा पुरावा, जन्मतारखेचा नव्हे, आणि त्यातली जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. म्हणून आधी दाखला, मग शाळा, शेवटी आधार. हा क्रम उलटा करून फसलेले मी पाहिलेत. पूर्वभागातल्या तेलुगू आडनावांचं स्पेलिंगही तिन्ही कागदांवर एकच असू द्या.

मुदतीचं म्हणाल तर परिपत्रकात प्रवेशिकेची आणि माघारीची अशा दोन तारखा असू शकतात. लोक नंतरची वाचून निवांत राहतात. तारखेसमोर वेळ दिली असेल तर तीही वाचा. "संध्याकाळी पाच" म्हणजे रात्री बारा नव्हे. आणि पैसे कापले गेले म्हणजे प्रवेश झाला असं नाही. यादीत नाव दिसेपर्यंत व्यवहार क्रमांक जपून ठेवा.

हौशीपणाबद्दल उगाच भीती आहे. चादरीच्या दुकानदारानं प्रवासखर्च दिला तर चालतं का? चालतं, २०२२ च्या नियमांपासून प्रायोजकावर बंदी नाही. बक्षिसाच्या पैशाला मात्र मर्यादा आहे, आणि पैसे घेऊन दुसऱ्याला शिकवलं तर हौशीपण जाऊ शकतं.

सगळं जमलं तरी रात्रीच्या गाडीनं जाऊन सकाळी थेट मैदानावर उतरायचा बेत करू नका. खेळ सुरू करायच्या ठरल्या वेळेनंतर पाच मिनिटांच्या आत पोचलात तर दोन फटक्यांचा दंड, म्हणजे स्कोअरमध्ये दोन फटके जादा, त्याहून उशीर झाला तर थेट बाद. गाडी लेट होती हे कारण तिथं चालत नाही. आदल्या दिवशीच जा.